थंडी आणि ट्रॅक्टरचे तेल

पौषातल्या पहाटे सौंसरच्या संत्राबागेत ट्रॅक्टर सुरू होताना कुरकुरू लागला, की पुष्कळ शेतकरी पातळ तेलाच्या शोधास लागतात. ही घाई नडते. डब्यावरील ‘१५डब्ल्यू-४०’ या खुणेत डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा गारठ्यातील प्रवाहीपणा दर्शवितो, दुसरा तापलेल्या इंजिनातील दाटपणा. १५डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे २० अंशांवर होते. २०डब्ल्यूची उणे १५ वर. शेजारच्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला, तर केवढा गाजावाजा झाला! तेव्हा यंत्राच्या पुस्तिकेत या दोहोंपैकी जे सांगितले असेल, ते येथील थंडीस पुरून उरते. दुसरा आकडा तर मुळीच घटवू नये. वैशाखाच्या उन्हात हेच इंजिन नांगर ओढणार असते. नुसते ‘४०’ लिहिलेले तेल मात्र गारठ्यात जड होते, आणि काजळीने दाटलेले जुने तेलही. कुरकुरीचा दोष पुष्कळदा तेलाचा नसून क्षीण झालेल्या बॅटरीचा असतो. ती आधी तपासावी. इंजिन सुरू होताच रेस वाढवू नये. तेलदाबाचा दिवा विझून मिनिटभर लोटेपर्यंत ते मंदच चालू द्यावे.