रिकाम्या चौकटीलाही रंग द्या
(क्षेत्र कार्यकर्त्यांच्या तिमाही प्रशिक्षणातील भाषण)



दर महिन्याला आपण पाड्यापाड्यांवर सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या दंडाचा घेर मोजतो. मोजपट्टीवर तीन रंग असतात. घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. ११.५ ते १२.४ पिवळा, म्हणजे मध्यम. १२.५ पासून पुढे हिरवा. पण हेच आकडे एक्सेलच्या तक्त्यात भरले की सगळे काळे होतात. लांबलचक तक्त्यात ११.३ आणि १३.१ शेजारी शेजारी बसतात आणि नजर दोन्हींवरून सारखीच घसरते. म्हणून तक्त्यालाही रंग हवा. एक्सेलमध्ये त्याची सोय कंडिशनल फॉरमॅटिंग या नावाने आहे.

घेराचा रकाना निवडा. होम, मग कंडिशनल फॉरमॅटिंग, मग हायलाइट सेल्स रूल्स. ‘लेस दॅन’मध्ये ११.५ लिहून लाल रंग निवडा. ‘बिटवीन’मध्ये ११.५ आणि १२.४ लिहून पिवळा. झाले. हाताने रंग भरू नका. हाताने भरलेला रंग आकडा बदलला तरी तसाच राहतो. नियमाने आलेला रंग आकड्याबरोबर बदलतो.

आता काही गोष्टी जपायच्या आहेत. पहिली, त्याच यादीत ‘कलर स्केल्स’ आहे. दिसायला देखणे आहे, पण या कामासाठी ते वापरू नका. ते मुलांची तुलना आपापसांत करते. समजा, एका पाड्यावर सर्व मुलांचे घेर १०.८ ते ११.३ आहेत. त्यांतले ११.३ चे मूल तिथे हिरवे दिसेल! सगळेच उपाशी असलेल्या पाड्यात कमी उपाशी असलेले मूल निरोगी ठरत नाही. आपले माप ठरलेले असले पाहिजे.

दुसरी, चौकटीत फक्त आकडा लिहा. ‘११.२ सेमी’ असे लिहिले की एक्सेल त्याला मजकूर समजते, लाल रंग येत नाही आणि मूल नजरेतून सुटते. ‘सेमी’ रकान्याच्या शीर्षकात लिहा.

तिसरी, दोन्ही पायांवर सूज असेल तर दंडाचा घेर कितीही असो, ते मूल तीव्र कुपोषितच. सुजेसाठी वेगळा रकाना ठेवा आणि तिथे ‘हो’ लिहिले की लाल रंग येईल असा नियम लावा.

चौथी, अहवालाची झेरॉक्स काळी-पांढरी निघते. तिच्यात लाल आणि हिरवा दोन्ही करडेच. म्हणून शेजारी ‘स्थिती’ हा रकाना ठेवून तिथे शब्दही लिहा.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट रिकाम्या चौकटीची. एक्सेल रिकाम्या चौकटीला शून्य समजून तिलाही लाल करते. लाल नको म्हणून काही जण तिथे मागच्या महिन्याचा आकडा उतरवतात. तसे कधीही करू नका. रिकाम्या चौकटींसाठी ‘न्यू रूल’मधून ‘ब्लँक्स’चा नियम करा, त्याला निळा रंग द्या आणि तो नियम यादीत सर्वांत वर ठेवा. निळा म्हणजे हे मूल मोजलेलेच नाही. दिवाळीनंतर आपली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात, मुलेही सोबत जातात. त्या महिन्यांत तक्त्यात लाल कमी झाला म्हणून आनंद मानण्याआधी निळा किती वाढला ते पाहा.

लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातला मेंढपाळ आपल्याला ठाऊक आहे. हरवलेल्या एका मेंढरामागे तो निघाला, कारण शंभरांतले एक कमी आहे हे त्याला कळले होते. नव्याण्णवच उरली आहेत हे कळायला आधी मोजावे लागते. आपला तक्ता म्हणजे तीच मोजणी आहे.

पण मोजून मेंढपाळ बसून राहिला नाही. म्हणून तक्त्याच्या शेवटी ‘पुढे काय केले’ हा रकाना हवाच. लाल मुलाला आरोग्य केंद्रात कोण, कोणत्या तारखेला घेऊन गेले? पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केले का? निळ्या मुलाचे कुटुंब कुठे गेले, कधी परतणार? तारीख आणि जबाबदार कार्यकर्त्याचे नाव तिथे आले पाहिजे. नुसता रंग भरून कोणत्याही बाळाचे पोट भरत नाही.

प्रभू आपल्या डोळ्यांना दृष्टी आणि पायांना बळ देवो. आमेन.