चित्रातली बाई कुणाच्या हातची?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज फिलिपाईन्समधल्या चित्रांबद्दल बोलायचं आहे. तंत्राची चर्चा बाजूला ठेवू. त्या चित्रांत बाई कशी दिसते, तिला कोण दाखवतं आणि ती स्वतः कुंचला हातात घेते तेव्हा काय बदलतं, एवढंच पाहू.

या देशावर तीनशेहून अधिक वर्षं स्पेनची सत्ता होती. १८८४ साली माद्रिदच्या प्रदर्शनात हुआन लुना या फिलिपिनो चित्रकाराच्या ‘स्पोलिआरियम’ला सुवर्णपदक मिळालं. रोमन आखाड्यात मेलेल्या योद्ध्यांना फरफटत नेतानाचं ते भलं मोठं चित्र. गुलाम देशातल्या लोकांना त्यात आपली अवस्था दिसली. त्याच प्रदर्शनात फेलिक्स इदाल्गोला रौप्यपदक मिळालं. त्याच्या चित्रात जमावापुढे उघड्या केलेल्या ख्रिस्ती कुमारिका आहेत. अपमान दाखवायचा तर बाईचा देह, हे तेव्हापासूनच.

आणि याच लुनाने १८९२ मध्ये पॅरिसला संशयावरून आपली बायको पास पार्दो दे तावेरा हिला आणि सासूला गोळ्या घालून ठार मारलं. पुढच्या वर्षी कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. त्याचं चित्र आजही मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात मानाने लावलेलं आहे. चित्राची थोरवी मी नाकारत नाही. पण गुलामीची चीड असलेल्या माणसाची न्यायबुद्धी घराच्या उंबऱ्याशी अडली, हेही सांगितलंच पाहिजे.

विसाव्या शतकात फर्नांडो आमोरसोलोची चित्रं घराघरांत पोचली. सोनेरी ऊन, भातलावणी, हसऱ्या तरुण मुली. दिवसभर चिखलात वाकून कंबर मोडते, ते मात्र त्या उन्हात कुठे दिसत नाही. १९४२ ते १९४५ या काळात जपानी लष्कराने देशात जो कहर केला, त्यावर त्यानं १९४५ मध्ये एक चित्र काढलं. कोयता उगारलेला पुरुष, त्याच्यामागे भेदरलेली बाई. चित्राचा विषय आहे बाईची अब्रू आणि तिचं रक्षण करणारा पुरुष.

प्रत्यक्षात काय झालं? जपानी सैनिकांनी कित्येक बायकांना कोंडून ठेवून त्यांच्यावर रोज बलात्कार केले. त्यांच्यातल्या कित्येकींसाठी कोयता घेऊन कुणी आलं नाही. अब्रूच्या याच कल्पनेने त्यांची तोंडं बंद ठेवली. सुमारे पन्नास वर्षांनी, १९९२ मध्ये, मारिया रोसा हेन्सन ही साठी ओलांडलेली बाई सगळ्यांसमोर बोलली. मग एकेक करून इतर आज्या पुढे आल्या. हेन्सनने आत्मकथा लिहिली आणि त्यात स्वतःच्या हाताने चित्रं काढली. ती काही शिकलेली चित्रकार नव्हती. पण ज्या बाईवर हे गुदरलं, तिनेच काढलेली ती चित्रं आहेत. आमोरसोलोचं चित्र त्यांच्या शेजारी ठेवून पाहा.

बायकांचे कष्ट बायकांनी रंगवले नव्हते असं नाही. आनिता मागसायसाय-हो हिच्या चित्रांत डोक्याला फडकी बांधलेल्या बायका मासळी निवडताना, धान्य पाखडताना दिसतात. त्या पाहणाऱ्याकडे बघून हसत नाहीत. त्या आपल्या कामात आहेत.

१९७२ मध्ये मार्कोसने लष्करी कायदा लादला. तेव्हा ‘काइसाहान’ गटातल्या चित्रकारांनी कामगार, शेतकरी आणि दडपशाही यांना चित्राचा विषय केलं. मार्कोस गेल्यानंतर, १९८७ मध्ये, इमेल्दा काहिपे-एन्दाया, ब्रेंडा फाहार्दो, ज्युली यूच आणि इतर मैत्रिणींनी ‘कासिबुलान’ ही स्त्री-कलावंतांची संघटना उभी केली. त्यांचे विषय बघा. यूचने १९८८ मध्ये मातीचं शिल्प केलं, कांदा चिरणाऱ्या बाईचं. कांद्याने मला नेहमीच रडू येतं, अशा अर्थाचं त्याचं नाव. स्वयंपाकघरात रडायला कांद्याचं निमित्त लागतं, हे तुम्हाला मी वेगळं समजावून सांगायला नको!

१९९५ मध्ये फ्लोर कोन्तेम्प्लासिओन या फिलिपिनो घरकामगार बाईला सिंगापूरमध्ये फाशी दिलं गेलं आणि फिलिपाईन्समध्ये संतापाची लाट उसळली. परदेशी जाऊन दुसऱ्यांची मुलं सांभाळायची आणि आपली मुलं मागे ठेवायची, असं लाखो बायकांचं जिणं. त्याच वर्षी काहिपे-एन्दायाने परदेशातल्या या घरकामगार बायकांवर एक मोठी मांडणी केली. तिच्या कलाकृतींत कापड आणि विणलेला बांबू असतो. घरातल्या वस्तू कलादालनात आल्या, त्या अशा.

आता शेवटची गोष्ट. डिसेंबर २०१७ मध्ये मनिलाच्या रोहास रस्त्यावर, समुद्रकिनारी, त्या आज्यांच्या स्मरणार्थ एक पुतळा उभा राहिला. डोळ्यांवर पट्टी बांधलेली, पारंपरिक वेशातली बाई. जपानने नाराजी दाखवली. एप्रिल २०१८ मध्ये रात्री तो पुतळा हलवण्यात आला. कारण सांगितलं गेलं ते नाल्याच्या कामाचं.

उन्हात हसणारी बाई कुणाला अडचणीची वाटत नाही. पुरुषाच्या पाठीमागे लपलेलीही चालते. स्वतःवरच्या अत्याचाराची आठवण देत भर रस्त्यावर उभी राहणारी बाई मात्र पाच महिनेही सोसवत नाही. म्हणून पुढचं पोस्टर काढताना आपणही विचारू या, की त्यातली बाई कशी उभी आहे, आणि तिला तसं कुणी उभं केलं?