उशिरा आलेले उत्तर

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी बंगळूरच्या नियंत्रण केंद्रातील शास्त्रज्ञ पडद्याकडे टक लावून बसले होते. चांद्रयान-३ चे विक्रम चंद्रावर उतरत होते, आणि आयत्या वेळी त्याला हात देणे कोणालाच शक्य नव्हते. संदेश चंद्रापर्यंत जाण्यास सव्वा सेकंद लागतो, परत येण्यास तितकाच. तेव्हा उंची, वेग आणि इंजिनांचा जोर यांचा हिशेब यानावरील संगणकानेच क्षणोक्षणी करावयाचा होता.

अशा संगणनास ‘रिअल-टाइम’ म्हणतात. त्याच बंगळुरात संगणकशास्त्र शिकणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यास ते शिकवावयाचे, तर प्रथम त्याची वेगाची हौस मोडावी लागते. सरासरीने काम लवकर उरकले की तो संतुष्ट! परंतु येथे उशिरा आलेले बरोबर उत्तर चूकच ठरते. लिउ आणि लेलँड यांनी १९७३ साली दाखविले, की ठराविक अंतराने येणारी, परस्परांवर न विसंबणारी कामे अधिक वारंवार येणाऱ्यास अग्रक्रम देऊन चालविली, आणि त्यांचा एकूण भार सुमारे ६९ टक्क्यांच्या आत ठेवला, तर एकही मुदत चुकत नाही. उरलेला वेळ रिकामा ठेवणे विद्यार्थ्यास उधळपट्टी वाटते. ती खात्रीची किंमत होय.

पण कामे परस्परांवर विसंबतातच. एखादी कचेरी कल्पावी. साहेबांना तातडीने शिक्का हवा. तो शिपायाच्या हाती. आणि शिपायाला बाजूस सारून मधला कारकून आपलेच काम रेटतो आहे. साहेब खोळंबले ते कारकुनापायी! १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात नेमके हेच घडले. हवामानाच्या कनिष्ठ कामाने सामाईक साधन अडविले, मधल्या कामांनी त्याला मागे लोटले, आणि वरिष्ठ काम वेळेत न झाल्याने संगणक पुनःपुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही हा दोष क्वचित डोकावला होता, पण त्याचे कारण सापडले नव्हते. शेवटी पृथ्वीवरील जुळ्या यंत्रणेवर तो पकडला गेला. शिक्का हाती असेतोवर शिपायास साहेबांचाच मान द्यावा, अशी सोय प्रणालीत होती, पण ती बंद ठेवलेली होती. ती पृथ्वीवरूनच चालू करण्यात आली.

प्रयोगशाळेत लहानशा फळीवर हीच तीन कामे रचून मोटार फिरवावयास दिली, की विद्यार्थ्याची भंबेरी उडते. मोटार चार वेळा सुरळीत फिरते, पाचव्या वेळी अडखळते. मग तो यंत्र बाजूस ठेवतो, आणि प्रत्येक कामास वाईटात वाईट किती वेळ लागेल, ते कागदावर मांडू लागतो.