गेटवरची माणसं



मी मॅट्रिक. गोदीत ओझी उचलतो. पीएच.डी.वाल्यांच्या सभेत बोलायला उभा राहिलो, कारण तुमचं दुखणं माझ्या ओळखीचं आहे.

पूर्वी मुंबईच्या गोदीत माणूस सकाळी गेटवर उभा राहायचा. टोळीवाल्यानं बोट दाखवलं तर काम, नाहीतर उपास. १९४८च्या गोदी कामगार कायद्यानं नोंदणी आली, पाळी ठरली. तुमच्या विभागात अजून टोळीवालाच आहे. गाईडची सही नाही, तर फेलोशिप नाही.

२०२३ साली बार्टीचे संशोधक आझाद मैदानावर बसले. सरकार म्हणत होतं, ८६१पैकी २००नाच देऊ. 'मी त्या दोनशेत बसतो का?' असा हिशेब प्रत्येकानं केला असता, तर ६६१ रिकाम्या हातानं घरी गेले असते. सगळे बसले, म्हणून सगळ्यांची मंजूर झाली.

पण मैदान उठलं की जो तो पुन्हा गाईडच्या दारात एकटा. म्हणून मंडळ पाहिजे, बारमाही. दर विभागातून एक प्रतिनिधी, निवडून आलेला, मर्जीतला नको. वर्गणी पाहिजे, वही पाहिजे. कुणाची फेलोशिप किती महिने अडकली ते तीत लिहा. बायांना बाजूला बसवू नका.

आणि वयाची अट नको. लिंगडोह समितीनं २००६ साली संशोधक उमेदवाराला २८ वर्षांची मर्यादा घातली. आपली पोरं आधी हमाली करतात, मग शिकतात. त्यांची अठ्ठावीस ओझ्याखालीच सरतात. मग आपल्या वतीनं बोलणार कोण?

एकट्याचा अर्ज टोपलीत जातो. टोळीनं या.

जय भीम!