केबल कापली, पण फोन कुणाच्या हातात?

(शिरोळ येथे महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

टीव्ही हा आपल्या चळवळीचा विषय आहे का, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, तो पहिल्यापासूनच आहे. १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा कायदा झाला. तेव्हापासून जाहिरातीतली बाई, मालिकेतली सोशिक सून आणि कपटी सासू यांच्यावर आपण शिबिरांतून, मोर्च्यांतून बोलत आलो. ते बोलणं पडद्यावर काय दिसतं याबद्दल होतं. आज मला पडद्याच्या अलीकडच्या बाजूबद्दल बोलायचं आहे. पडद्यासमोर कोण बसतं, बटण कुणाच्या हातात असतं आणि पैसे कोण भरतं?

हे आजच बोलायचं कारण असं की मी ज्या गावांतून फिरते, तिथे केबल काढून टाकणारी घरं वाढत चालली आहेत. घरात नवा स्मार्ट टीव्ही येतो, किंवा जुन्याच टीव्हीला मागून एक छोटी कांडी जोडतात, आणि नेटवर सगळं बघायचं ठरतं. काही घरांत तर टीव्हीच बंद, ज्याचा त्याचा फोन. "केबलला उगीच पैसे कशाला घालवायचे?" असं घरातला कर्ता पुरुष किंवा कॉलेजला जाणारा मुलगा म्हणतो, आणि निर्णय होऊन जातो. त्या घरातल्या बाईला कुणी विचारलं का? बहुतेक ठिकाणी नाही.

आधी जरा मागे वळून पाहू. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. खेड्यात टीव्ही यायला पुढे बरीच वर्षं लागली. १९८७-८८ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा गल्लीत एखाद्याच घरी टीव्ही असायचा आणि सगळी आळी तिथे जमायची. सोफ्यावर पुरुष, जमिनीवर पोरं, आणि घरची सून स्वयंपाकघराच्या दारात उभी. त्यानंतर १९९१ पासून परदेशी वाहिन्या, १९९२ साली झी टीव्ही, आणि गावोगाव केबलच्या तारा. १९९५ साली केबलचा कायदा आला. १९९९ साली अल्फा मराठी आणि २००० साली ई-टीव्ही मराठी सुरू झाली, आणि दिवसभर मराठीत काहीतरी बघायला मिळू लागलं. २०१६ साली 'तुझ्यात जीव रंगला' आली. तिचं चित्रीकरण आपल्याच जिल्ह्यात, वसगडे गावात व्हायचं. आपली बोली टीव्हीवर ऐकून आपल्याला किती बरं वाटलं होतं ते आठवा.

त्या मालिकांवर आपण टीका केली, आणि ती रास्तच होती. पण केबलने बाईला काय दिलं हेही खुल्या मनानं बघायला हवं. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. २००१ ते २००३ या काळात बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू अशा राज्यांतल्या खेड्यांतल्या बायकांशी पुन्हा पुन्हा बोलून त्यांनी तो केला. ज्या गावांत त्या काळात नव्यानं केबल आली, तिथे नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या बायकांचं प्रमाण कमी झालं. मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला. घरातल्या निर्णयांत आपलं चालतं असं सांगणाऱ्या बायका वाढल्या. आता, बाई तोंडानं काय सांगते आणि घरात प्रत्यक्ष काय घडतं यात अंतर असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तरी एवढं नक्की, की चार भिंतींच्या बाहेर बायका वेगळ्या तऱ्हेनंही जगतात हे केबलनं घरात बसलेल्या बाईला दाखवलं. घराबाहेर पाऊल न टाकता तिला ते बघता आलं.

दारात येणारा केबलवाला

केबलचा व्यवहार कसा चालायचा ते बघा. केबलवाला महिन्याला दारात यायचा. दुपारी घरी बाईच असायची. पैसे ती द्यायची, धान्याच्या डब्यातून नाहीतर दुधाच्या पैशातून. हातात नसले तर म्हणायची, "पुढच्या महिन्यात दोन्हीचे मिळून देते." चित्र नीट दिसत नसेल तर त्याला चार शब्द सुनवायची. म्हणजे त्या सेवेची गिऱ्हाईक ती होती. टीव्ही घराचा होता, आणि दुपारी दोन ते चार तो तिचा होता. रात्री रिमोट मालकांच्या हातात जायचा, मान्य. पण दुपार तिची होती.

नंतर हा व्यवहार हळूहळू बदलला. डबा बसवणं सक्तीचं झालं. शहरांतून सुरुवात होऊन खेड्यांसाठी शेवटची मुदत मार्च २०१७ ही ठरली. २०१९ च्या फेब्रुवारीपासून वाहिन्या निवडून घेण्याचे नवे नियम लागू झाले. शंभर वाहिन्यांच्या जोडणीचे १३० रुपये आणि वर कर, त्याशिवाय पैसे लागणाऱ्या वाहिन्यांचे वेगळे. पुष्कळ घरांत बिल वाढलं, आणि यादीतून कुठल्या वाहिन्या गाळायच्या हे ठरवताना आधी कुणाच्या गेल्या हे तुम्हीच सांगा. त्याच सुमारास फोनचं नेट स्वस्त झालं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, इतर कंपन्यांनाही दर पाडावे लागले, आणि गावातल्या पोरांच्या हाती दिवसाला जीबी-दीड जीबी आलं. लोक केबल सोडतात ते उगीच सोडत नाहीत, हे मला मान्य आहे. एकच खर्च करायचा तर तो फोनवर करावा, हा हिशेब सरळ आहे.

पण हा हिशेब घराचा म्हणून मांडला जातो, आणि त्यात बाईचा आकडा धरलेला नसतो. केबल घराला लागते, नेट माणसाला लागतं. आता पैसे फोनवरून भरायचे. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो तो मालक. संकेतशब्द मुलाला ठाऊक. स्मार्ट टीव्ही घरात आहे, पण त्याला नेट मिळतं ते नवऱ्याच्या फोनवरून. नवरा सकाळी कारखान्यावर, शेतावर नाहीतर जयसिंगपूरला गेला की नेटही त्याच्या खिशातून गेलं. दुपारी दोन ते चार टीव्ही भिंतीवर काळा. जी दुपार तिची होती ती गेली. कुणी हिसकावून घेतली असं नाही, घराच्या सोयीत ती निघून गेली.

आकडेही हेच सांगतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया १०० मध्ये ३३ आणि पुरुष ५७ निघाले. खेड्यात स्त्रिया २५ च्या आत आणि पुरुष ४९ च्या जवळ. स्वतः वापरते असा मोबाइल जवळ असलेल्या स्त्रिया देशात १०० मध्ये ५४. तेव्हापासून फोन वाढले आहेत, पण घरातला चांगला फोन कुणाकडे आणि फुटक्या काचेचा कुणाकडे, हे बघायला पाहणीची गरज नाही.

दोन बायका

या बदलात एकीला मिळतं आणि दुसरीचं जातं, हेही समजून घेतलं पाहिजे. जिच्या हातात स्वतःचा फोन आहे त्या तरुण मुलीला नेटनं पुष्कळ दिलं. मामंजींसमोर डोक्यावर पदर घेऊन दारात उभं राहून बघायची वेळ तिच्यावर येत नाही. कानाला हेडफोन लावून ती हवं ते बघते. ब्लाऊज शिवायला शिकते, स्पर्धा परीक्षेचे तास ऐकते, आणि जे घरात कुणाला विचारता येत नाही ते पाळीबद्दलचं, गर्भनिरोधाबद्दलचं ऐकते. हा एकांत तिला पहिल्यांदा मिळाला आहे. "फोनमुळे पोरी बिघडल्या" म्हणून जे तो काढून घेतात, त्यांच्या बाजूला आपण कधीही उभं राहता कामा नये.

दुसरी आहे घरातली म्हातारी. बहुतेक वेळा ती विधवा असते. शिरोळ तालुक्यात ही गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. ४ मे २०२२ रोजी आपल्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा वारल्यावर कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. १७ मे रोजी राज्य शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हे करावं असं सांगितलं. आपल्याला त्या ठरावाचा अभिमान आहे. पण विधवेचं एकटेपण बांगडीपाशी संपत नाही. लग्नात, हळदीकुंकवात तिला पूर्वी बोलावत नसत, तेव्हा घरात तिच्याशी बोलणारा एक टीव्हीच होता. लाल बटण दाबलं की चालू, अधिकच्या बटणानं पुढची वाहिनी. सकाळी भजन, दुपारी मालिका, संध्याकाळी बातम्या. आता रिमोटवर अक्षरं इंग्रजी, दाबलं की चौकोनांची रांग येते, आणि त्यातला एक उघडला की पैसे मागतो. नातवाला हाक मारावी तर तो फोनमध्ये. दोन-तीनदा विचारून ती गप्प बसते. घरातले म्हणतात, "आजीला आता टीव्हीची आवड राहिली नाही." आवड राहिली नाही की रस्ता बंद झाला, हे कोण विचारणार?

आणि पुराचा अनुभव आपल्याला आहेच. २००५, २०१९ आणि २०२१. वीज गेली की टीव्ही बंद, मग सगळी मदार फोनवर. बायका-पोरं छावणीत आणि घरधनी जनावरांपाशी, अशी ताटातूट झाली की घरातला एकुलता एक फोन कुणाकडे राहतो? म्हणून हा प्रश्न नुसत्या करमणुकीचा नाही. ज्या फोनवर मालिका येते, त्याच फोनवर पाण्याची पातळी येते, बँकेचा संदेश येतो, २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचा ओटीपी येतो. आणि १८१ ही महिलांची हेल्पलाइन लावायची तर तीही त्याच फोनवरून.

मग करायचं काय?

केबल परत आणा असं मी म्हणत नाही. ज्यांना परवडते त्यांनी ठेवावी, ज्यांना नको त्यांनी सोडावी. पण काही गोष्टी आपण गटागटांतून करू शकतो.

पहिली गोष्ट, केबल कापण्याआधी घरात विचारा. दुपारी घरी कोण असतं? तिला नेट कुठून मिळणार? उत्तर नसेल तर केबल कापायची नाही. महिन्याचा खर्चच नको असेल तर दूरदर्शनची फ्री डिश आहे. छत्री आणि डबा एकदा घ्यावा लागतो, मग महिन्याला काही नाही, आणि सह्याद्री वाहिनी तिच्यावर दिसते.

दुसरी, सिमकार्ड बाईच्या नावावर आणि फोन बाईच्या हातात. बचत गटाच्या बैठकीत जशी आपण पासबुकं तपासतो, तसं एकदा विचारू या की बँकेत कुणाचा नंबर दिला आहे.

तिसरी, हिशेब शिका. रिचार्जचा महिना २८ दिवसांचा असतो, म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. २०२४ च्या जुलैत मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. मोठ्या पडद्यावर स्वच्छ चित्र बघायला तासाला दोन-तीन जीबी लागतात, म्हणजे दिवसाचं दीड जीबी तासाच्या आत संपतं. वर्गणी आपोआप कापून जाण्याची सोय बंद कशी करायची, हेही प्रत्येकीला आलं पाहिजे.

चौथी, आजीसाठी अर्धा तास द्या. रिमोटच्या दोन बटणांवर रंगीत टिकली चिकटवा. टीव्हीला बोलून सांगायची सोय असेल तर ती मराठीत लावून द्या. एकदा दाखवून भागत नाही, चार वेळा दाखवा. गटातल्या तरुण मुलींनी हे काम अंगावर घ्यावं.

पाचवी, एकांत सांभाळा. आपण काय पाहिलं त्याची नोंद फोनमध्ये आणि टीव्हीत राहते, आणि एकच खातं असेल तर ती घरात सगळ्यांना दिसते. मारहाणीतून बाहेर पडण्याबद्दल एखादीनं काही पाहिलं तर ते नवऱ्याला कळू शकतं. नोंद पुसायची कशी, वेगळं खातं करून त्याला कुलूप कसं लावायचं, हे आपल्या शिबिरात कायद्याच्या माहितीइतकंच महत्त्वाचं मानलं पाहिजे.

आणि शेवटची गोष्ट, आपला जुना लढा सोडायचा नाही. नेटवरच्या मालिकांना केबलचा कायदा लागत नाही. त्यांच्यासाठी २०२१ साली वेगळे नियम झाले. वयोगट दाखवणं बंधनकारक आहे, आणि तक्रार केली तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं १५ दिवसांत ती निकाली काढायची आहे. पूर्वी आपण पोस्टकार्डं पाठवत होतो, आता तक्रारी पाठवू.

मैत्रिणींनो, घरात नवी वस्तू आली की ती सगळ्यांची, असं म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पण ती वस्तू चालू करायला कुणाची परवानगी लागते, यावरून ती कुणाची हे कळतं. तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करा. घरातले सगळे बाहेर असतील तेव्हा टीव्ही लावून बघा. लागला तर उत्तम. नाही लागला, तर पुढच्या बैठकीत ते सांगा. तिथून आपलं काम सुरू होईल.