वैनगंगेच्या काठाने चालायचं, पण कुणासोबत?

आजचा भाग टेक्नॉलॉजीवर नाही, आधीच सांगून ठेवतो. मागच्या भागात ज्यांनी डेटाबेसबद्दल विचारलं होतं त्यांनी थोडा धीर धरा.

विषय सुचला तो ऑफिसमुळे. आमच्या टीममधला एक जण मेलबर्नहून काम करतो. मे महिन्याच्या शेवटी, एका शनिवारी आमचं रिलीज होतं आणि तो म्हणाला, सकाळी मी नसेन, नदीकाठी चालायला जायचंय. मॅरेथॉन का, असं विचारलं. तर नाही, त्याच्या वस्तीतले लोक तिथल्या मूळनिवासी लोकांसोबत नदीच्या काठाने चालतात. घोषणा कमी, गप्पा जास्त. २७ मे ते ३ जून हा आठवडा तिकडे त्यासाठीच ठेवलेला आहे. २७ मे म्हणजे १९६७ च्या सार्वमताचा दिवस, आणि ३ जून म्हणजे १९९२ च्या माबो निकालाचा. इंग्रज आले तेव्हा ती जमीन कुणाचीच नव्हती, असं तिथला कायदा धरून चालायचा. ते खोटं आहे, हे त्या निकालाने मान्य केलं. मे २००० मध्ये सिडनीच्या पुलावरून सुमारे अडीच लाख लोक असेच चालले होते.

त्याला ते लोक ‘रिकन्सिलिएशन’ म्हणतात. मराठीत काय म्हणावं? सलोखा म्हटलं की आपल्याला पोलीस स्टेशनमधली शांतता समितीची बैठक आठवते. समेट म्हटलं की दोन भाऊ आणि बांधावरचं भांडण. मला नीट शब्द सापडला नाही, म्हणून काम चालू ठेवतो.

माझं घर आरमोरीचं. ज्यांनी नकाशावर पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: नागपूरहून गडचिरोलीला जाताना ब्रह्मपुरी सोडली की वैनगंगेवरचा पूल लागतो, तो ओलांडला की आम्ही. नदीच्या पट्ट्यात धानाची शेती. कुणबी, तेली, माळी, ढिवर अशी मिश्र वस्ती. पूर्वेला कुरखेडा, कोरची, धानोरा, म्हणजे जंगल आणि गोंडांची गावं. गाढवी, खोब्रागडी, कठाणी या नद्या त्या जंगलातून येतात आणि वैनगंगेला मिळतात. आमच्या बांधीत जे पाणी असतं, त्यातलं बरंचसं आधी त्यांच्या गावावरून आलेलं असतं.

माझे आबाजी आठवडी बाजारात बसायचे. जंगलातून बाया डोक्यावर टोपली घेऊन यायच्या, त्यात चारोळी. आबाजी मोजून चारोळी घ्यायचे आणि बदल्यात मीठ द्यायचे. मापाला माप. हे ते आम्हाला हसत सांगायचे, व्यवहार कसा जमायचा म्हणून. चारोळीचा भाव आज मिठाईच्या दुकानात विचारून बघा, आणि मिठाचा किराणा दुकानात. वाईट माणूस नव्हते ते. सगळा बाजार तसाच चालायचा, आणि त्या बायांनाही दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, मेलबर्नची गोष्ट आरमोरीला लावू नको. आपण काय जहाजातून आलो का? बरोबर आहे. आम्हीही इथलेच, आणि बहुतेक गरीबच. शिवाय आमच्या पोरांच्या मनात राग आहे आणि तो खोटा नाही. जिल्ह्याच्या नोकरभरतीत ओबीसींचं आरक्षण १९ वरून ६ टक्क्यांवर आणलं होतं, बरीच वर्षं ते तिथेच राहिलं. पुढे वाढलं, पण तोवर एका पिढीचं वय निघून गेलं. माझ्यासोबत शिकलेले किती तरी जण आजही चहाच्या टपरीवर हाच हिशोब मांडत असतात. वनहक्क कायद्यातही तेच. आदिवासीने १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायचा, पण ढिवराला किंवा कुणब्याला त्याआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. कुठून आणायचे एवढे जुने कागद?

हा राग बाजूला ठेवून नदीकाठी चालायला कुणी येणार नाही, आणि आलं तरी ते फोटोपुरतं. पण हा राग जातो कुठे ते बघा. ज्याने टक्केवारी ठरवली तो कधी टपरीवर येत नाही. कुरखेड्याहून आलेला गोंड पोरगा मात्र बाजूच्या बाकावर बसलेला असतो. ऐकून घ्यावं लागतं त्यालाच.

म्हणून मी तो कायदा उघडून वाचला. माझं काम कोड वाचायचं, कायद्याची भाषा त्याहून फार वेगळी नाही. २००६ च्या या कायद्याच्या सुरुवातीलाच, कलमं सुरू व्हायच्या आधी, स्पष्ट लिहिलंय: इंग्रजांच्या काळात आणि स्वतंत्र भारतातसुद्धा, सरकारी जंगलं ठरवताना तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क नीट नोंदवले गेले नाहीत, आणि त्यातून ऐतिहासिक अन्याय झाला. ‘ऐतिहासिक अन्याय’ हे शब्द संसदेचे आहेत, कुठल्या मोर्चाचे नाहीत. हा कायदा लागू झाला ३१ डिसेंबर २००७ ला. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, १३ फेब्रुवारी २००८ ला, ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून माफी मागितली. ती तिकडे शाळाशाळांत टीव्हीवर दाखवली. आपली कबुली राजपत्रात छापली गेली, आणि आरमोरीत ती कुणी मोठ्याने वाचल्याचं मी ऐकलेलं नाही.

नुसत्या कबुलीने काय होतं, हेही इथेच कळतं. धानोऱ्याजवळ मेंढा (लेखा) गाव आहे, कठाणीच्या बाजूला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं. तिथे ग्रामसभेचा निर्णय बहुमताने होत नाही, सगळ्यांची सहमती लागते, मग कितीही बैठका होवोत. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीच्या गावांत. पण बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो, आणि तो द्यायला वनविभाग तयार नव्हता. कायदा बांबूला गौण वनोपज म्हणतो, तरी अडलेलंच. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा ते परवाना पुस्तक देवाजी तोफा यांच्या हातात पडलं. आमच्या भाषेत सांगायचं तर फीचर लाइव्ह होतं, पण अॅक्सेस कुणालाच दिला नव्हता.

आणि ऑस्ट्रेलियाचं फार कौतुकही नको. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे पुन्हा सार्वमत झालं, मूळनिवासींना संसदेपुढे आपलं म्हणणं मांडायला एक मंडळ द्यायचं का, यावर. सुमारे ६० टक्के लोक नाही म्हणाले. पुलावर चाललेल्यांपैकीही काही त्यात असतील.

तरी मला वाटतं, चालावं. २१ ऑक्टोबरला बाबुराव शेडमाकेंना आपण हार घालतो. १८५८ मध्ये चांद्याला फाशी गेलेल्या माणसाला हार घालणं सोपं आहे, कारण तो आपल्याशी भरतीवरून भांडत नाही. जिवंत माणसासोबत दोन तास चाललं की भरती निघणारच. निघू द्या. ७५ वर्षांची अट निघेल, चारोळी निघेल, नक्षलवादी आणि पोलीस दोघांच्या मधे सापडलेली गावं निघतील.

तारखेचा घोळ मात्र आहे. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन, पण तेव्हा वैनगंगा भरलेली आणि रोवणी सुरू, काठावर पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीनंतर झाडीपट्टीचे नाटकं सुरू होतात, रात्रभर नाटक बघून सकाळी कोण चालणार? म्हणून धान कापणीनंतरचा एखादा रविवार बघतोय, गाढवीच्या बाजूने वैनगंगेपर्यंत.

कुरखेड्याकडच्या एका मित्राला फोन केला, गोंड आहे, तिकडे ग्रामसभेचं काम बघतो. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, “येतो ना जी चालायला. पण पहिले तुम्ही आमच्या ग्रामसभेत येऊन बसा. भाषण नका देऊ. दरीवर बसा, आयका, मंग बोलू.” मी विचारलं, किती वेळ चालते सभा? तर म्हणे, “सहमती होईपर्यंत.”

पुढच्या महिन्यात आम्ही चौघं जाणार आहोत, टपरीवरचे दोघं धरून. त्यातल्या एकाने जीपीएसवर नकाशे काढायचं काम केलंय, त्याची तिथे गरजही आहे. तिकडे नेटवर्क नसतं, त्यामुळे पुढचा भाग उशिरा येईल.