सैन्याची वाट शाळेतून जावी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)





काही वर्षांपूर्वी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा माझ्याकडे आला. हातात खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेची जाहिरात. "सर, हा अर्ज कसा भरायचा?" मी त्याची जन्मतारीख विचारली. प्रबोधिनीत दाखल होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या दरम्यान असावे लागते. त्याला विसावे लागले होते. मुलगा हुशार, अंगाने काटक. पण बारावीत असताना ही जाहिरात त्याला कोणी दाखवली नव्हती. दाखवायला हवी होती ती मीच, कारण तो माझ्याच वर्गातला विद्यार्थी. त्या दिवशी मला फार लाज वाटली. आजचे बोलणे त्या लाजेतून आलेले आहे.

सैन्यात आपली मुले कमी का जातात, असा प्रश्न निघाला की आपण दोन उत्तरे देतो. कोणी म्हणतो, आपल्याला घेत नाहीत. कोणी म्हणतो, आपल्या मुलांत ती धमकच नाही. दुसऱ्या उत्तराला इतिहासच उत्तर देतो. ब्रिगेडियर महंमद उस्मान यांनी १९४८ साली नौशेरा राखले, झांगर परत घेतले आणि त्याच वर्षी ३ जुलैला झांगरलाच ते शहीद झाले. गाझीपूर जिल्ह्यातल्या धामुपूरच्या एका शिंप्याचा मुलगा अब्दुल हमीद १९६५ साली खेमकरणच्या रणांगणात जीपवरच्या तोफेने रणगाडे फोडत शहीद झाला आणि परमवीरचक्राचा मानकरी ठरला. एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ १९७८ ते १९८१ या काळात हवाई दलाचे प्रमुख होते आणि पुढे आपल्याच महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. पहिले उत्तर देणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, आपल्या मोहल्ल्यातून गेल्या पाच वर्षांत अर्ज तरी किती गेले?

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. तिथे पिढ्यान्‌पिढ्या घरोघर सैनिक झाले. तिथल्या मातीत काही वेगळे आहे असे नव्हे. तिथे आजोबा, वडील, चुलते फौजेत होते. म्हणून भरती कधी असते, कागद कोणते लागतात, किती धावावे लागते, हे मुलाला चौदाव्या वर्षीच ठाऊक असते. आपल्या बहुतेक घरांत असे कोणी नाही. जे घर सांगू शकत नाही, ते शाळेने सांगितले पाहिजे. माझे म्हणणे एवढेच आहे.

काय सांगायचे? वयाप्रमाणे सांगतो, पालकांनी लिहून घ्यावे. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ साली निघाली, देशातली ती पहिली. तिथे सहावीत आणि नववीत प्रवेश मिळतो, आता मुलींनाही. आठवीपासून एन.सी.सी. आहे. दहावीच्या वर्षात औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेची परीक्षा देता येते. राज्य सरकारने ती १९७७ साली काढली. अकरावी-बारावीची दोन वर्षे तिथे प्रबोधिनीचीच तयारी करून घेतात. प्रबोधिनीची परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि २०२२ पासून तिथे मुलीही शिकत आहेत. पदवीधर झाल्यावर आणखी दारे आहेत. एन.सी.सी.चे 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवले, तर अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीची वेगळी वाटही आहे.

जवान म्हणून जायचे असेल तर २०२२ पासून अग्निपथ योजना आहे. साडेसतरा वर्षे पूर्ण हवीत. साध्या शिपायाच्या जागेसाठी दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के हवेत. आधी संगणकावर लेखी परीक्षा, मग मैदान. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत धावणाऱ्याला धावण्याचे पूर्ण गुण मिळतात. मात्र मुलाला निम्मेच सत्य सांगू नका. ही नोकरी चार वर्षांची आहे. त्यानंतर फार तर चौघांतला एक कायम होतो, बाकीचे निधी घेऊन घरी येतात. हे ऐकून ज्याला जायचे आहे त्याने अभिमानाने जावे. पण पुढच्या शिक्षणाचा विचार आजच करून जावे.

घरातल्या माणसांच्या मनात नमाजाची, जेवणाची, दाढीची शंका असते. ती दाबू नका, विचारा. फौजेत मौलवींचीही नेमणूक होते. पण दाढीबाबत शिस्तीचे नियम आहेत आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने हवाई दलातल्या एका प्रकरणात ते उचलून धरले. हे मुलाला आधी कळावे, मग निर्णय त्याचा.

आणखी दोन गोष्टी. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर शेख एका तऱ्हेने, आधारकार्डावर दुसऱ्या तऱ्हेने. कुठे महंमद पुरा, कुठे तोडलेला. अशा एका अक्षरापायी अर्ज अडतो. आठवीतच कागद जुळवून घ्या. आणि कोणी दलाल 'एवढे द्या, पोराला चिकटवतो' म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. भरतीला लाच लागत नाही. लागते ती तयारी.

संस्थेकडे माझे मागणे थोडे आहे. एका शिक्षकाकडे हे काम नेमून द्यावे आणि फलकाचा एक कोपरा वर्षभर भरतीच्या तारखांसाठी राखून ठेवावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून माजी सैनिकांचे पत्ते घेऊन त्यांतल्या एकाला दरवर्षी बोलवावे. तो कोणत्या धर्माचा आहे हे पाहू नये. भरती कार्यालयालाही पत्र लिहावे. आपण बोलावले नाही आणि ते आले नाहीत, अशी वर्षे पुष्कळ गेली. आणि फजरच्या नमाजानंतर शाळेचे मैदान मुलांसाठी उघडे ठेवावे. किल्ली माझ्याकडे द्या, मी उघडीन.

प्रत्येक मुलाने फौजेत जावे असे मी म्हणत नाही. ज्याला जायचे नसेल त्याने शिक्षक व्हावे, सुतार व्हावे, डॉक्टर व्हावे. पण ज्याला जायचे आहे, तो केवळ 'कोणी सांगितलेच नाही' म्हणून मागे राहू नये. तो बी. ए.चा मुलगा जाताना एवढेच म्हणाला होता, "सर, माझा धाकटा भाऊ आठवीत आहे." त्या भावाचे नाव मी त्याच दिवशी माझ्या वहीत लिहून घेतले. तुम्हीही आज घरी जाऊन एका मुलाचे नाव आणि जन्मतारीख लिहा.

खुदा हाफिज.